आनंदविलासचं पाणी

‘हात लावू नये’ अशी पाटी डोक्यावर टांगलेली असताना आप्पांनी भिंतीला हात नाही, सगळा गालच लावला होता.

शिपायाने शिट्टी मारली. आप्पांना ती ऐकू जाणं शक्य नव्हतं. दरबार हॉलमधली बाकीची माणसं मात्र वळून बघायला लागली.

“आप्पा!” मी त्यांच्या कानाशी जाऊन ओरडले. “भिंतीला टेकू नका! बाजूला व्हा!”

त्या हॉलचं छत तीन मजल्यांइतकं उंच. माझा आवाज वर गेला, झुंबरांतून फिरला आणि सगळ्यांच्या अंगावर परत आला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेजारी संग्रहालयाचे अभिरक्षक चिपरीकर उभे होते. मी तिथे सरकारी कामावर आले होते, उपअभियंता म्हणून, आणि बरोबर हा धोतर नेसलेला, बहिरा बाप.

आप्पा हलले नाहीत. डोळे मिटून तसेच उभे. मग एकदम डोळे उघडून, बहिरी माणसं बोलतात तसं मोठ्याने म्हणाले, “सुले, ह्याच्या आत पाणी चाललंय.”

या गोष्टीला आता तीस वर्षं होत आली.

निंबळकोटचा आनंदविलास राजवाडा तेव्हा संग्रहालय होऊन बराच काळ झाला होता. मी त्याआधी दोनदा येऊन गेले होते. मोजमापं घेतली होती, फोटो काढले होते. पण खरं सांगते, दर वेळी त्या दरबार हॉलच्या दारात माझे पाय आपोआप थांबायचे. काळ्या दगडाचे चाळीस खांब, त्यांच्यावर कमानी, कमानींवर सज्जे, आणि सज्ज्यांच्याही वर निळ्या रंगाचं छत. त्या छतावर सोन्याच्या वर्खात काढलेलं सत्तावीस नक्षत्रांचं चक्र. सकाळी दहाच्या सुमाराला पूर्वेच्या रंगीत काचांतून ऊन आत आलं की जमिनीवर लाल-हिरव्या पायघड्या पडायच्या, आणि शाळेच्या सहलीतली दंगेखोर पोरंसुद्धा त्यांच्यावर पाय न देता कडेकडेने जायची. हॉलच्या बरोबर मध्ये संगमरवरी कमळ होतं. परातीएवढं. त्यावर काचेची पेटी ठेवलेली. लोक त्याला शोभेची वस्तू समजत. मीही तेच समजत होते.

या सगळ्याला तीन वर्षांपासून ओल लागली होती. पूर्वेच्या भिंतीवर जमिनीपासून डोक्याएवढा काळपट डाग चढला होता. गिलाव्याचे पापुद्रे पडत होते, आणि दर पावसाळ्यात, आणि आश्चर्य म्हणजे दर उन्हाळ्यातही, डाग बोटभर वर सरकत होता. त्या भिंतीवरची सहा चित्रं चिपरीकरांनी स्वतःच्या हातांनी उतरवून ठेवली होती. आमच्या खात्यात तर्क असा झाला की भिंतीला लागून बाहेरच्या बागेत महोगनीची अकरा झाडं आहेत, त्यांची मुळं इमारतीच्या पायात शिरली आहेत, आणि ओल त्या वाटेने येते आहे. उपाय ठरला: झाडं तोडायची, पायात दाबाने सिमेंट भरायचं, आणि काम होईपर्यंत हॉल बंद. काम कधी संपणार हे कुणीच सांगू शकत नव्हतं. अहवाल मीच लिहिला होता. शेवटची पाहणी करून सही तेवढी बाकी होती. झाडांच्या बुंध्यांवर चुन्याच्या फुल्या मारून झाल्या होत्या.

आप्पांना बरोबर आणण्याचं कारण निराळंच होतं. निंबळकोटच्या दवाखान्यात त्या दिवशी दुपारी कानाचे डॉक्टर येणार होते. आप्पांचे दोन्ही कान गेली दोन वर्षं जवळजवळ बंद झाले होते. घरात प्रत्येक वाक्य तीनतीनदा ओरडून सांगावं लागायचं, आणि तिसऱ्यांदा सांगताना माझ्या आवाजात राग यायचा. तो त्यांना ऐकू येत नसला तरी चेहऱ्यावर दिसत असणार. हळूहळू त्यांनी काही विचारणंच सोडलं. गाडीतल्या दोन तासांत आम्ही एक अक्षर बोललो नव्हतो.

“काय म्हणतायत वडील?” चिपरीकरांनी विचारलं.

“काही नाही. वय झालंय. ऐकू येत नाही त्यांना.”

“पण त्यांना तर ऐकू आलं म्हणतायत.”

आप्पांनी माझा दंड धरला. “सळई बघ कुठं मिळती का. लोखंडाची. हातभर चालंल.”

“आप्पा, इथे असलं काही—”

“सळई!” आप्पा म्हणाले, आणि बोटाने दातांवर ठकठक केलं.

चिपरीकर बावीस वर्षं त्या वाड्यात होते. अंगाने काटकुळे, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. त्यांच्या जागी दुसरा कुणी असता तर हसला असता. ते आत गेले आणि पडद्याची एक जुनी, लांब सळई घेऊन आले.

आप्पा चौतीस वर्षं आमच्या गावच्या नगरपालिकेत व्हॉल्व्हमन होते. कुठल्या गल्लीत किती वाजता पाणी सोडायचं, हे त्यांचं काम. पण त्यांची ख्याती वेगळी होती. जमिनीखाली नळ कुठे फुटलाय ते खणल्याशिवाय सांगायचे. सळईचं एक टोक नळावर, दुसरं कानाशी. माझ्या लहानपणी भर रस्त्यात उकिडवा बसून डांबराला सळई लावून ऐकणारा माझा बाप बघून मैत्रिणी हसायच्या, आणि मी रस्ता बदलून शाळेत जायची. इंजिनिअर झाल्यावर ऑफिसात कुणी विचारलं तर ‘वडील नगरपालिकेत होते’ एवढंच सांगायची.

त्यांनी सळईचं एक टोक भिंतीला लावलं आणि दुसरं दातांत धरलं.

हॉलमध्ये दहापंधरा माणसं होती. आप्पा वाकून भिंतीच्या कडेने सरकत राहिले, इथे लाव, तिथे लाव. एका ठिकाणी थांबले. सळई तोंडातून काढून धोतराने पुसली आणि माझ्यापुढे धरली.

“दातात धर. कानानं न्हाई, हाडानं ऐकू येतं.”

सगळ्यांच्या समोर मला ते करायची लाज वाटत होती. चिपरीकर हळूच म्हणाले, “बघा तरी, मॅडम.”

मी सळई दातांत धरली.

आधी नुसती माझ्याच रक्ताची गुणगुण. आणि मग तिच्याखालून, फार खोलातून, एक अखंड आवाज वर आला. थेंब नव्हे, झिरपही नव्हे. लांबच्या ओढ्यासारखं भरभरून वाहणारं पाणी. माझ्या कवटीत तो आवाज घुमत होता आणि डोळ्यांपुढे मात्र पापुद्रे सुटलेली निश्चल भिंत. एप्रिल महिना होता. आसपासच्या गावांत टँकर सुरू झाले होते.

“काय आहे?” चिपरीकरांनी विचारलं.

मी सळई त्यांच्या हातात दिली.

आम्ही बागेत आलो. राजवाड्यामागची ती बाग म्हणजे लहानसं रानच. डोंगराच्या पायथ्यापर्यंत चढत गेलेली हिरवळ, मध्ये चिरेबंदी पायवाटा, आणि पूर्वेला ओळीने ती अकरा झाडं. चार माणसांच्या कवेत न मावणारे बुंधे. खाली उभं राहिलं की उन्हाचा एक कवडसा अंगावर पडत नव्हता. आप्पा प्रत्येक झाडाशी जमिनीत सळई खुपसायचे, दात लावायचे, मान हलवायचे आणि पुढे जायचे. चौथ्या झाडाशी गवत काढणाऱ्या बायका हात थांबवून बघायला लागल्या. त्यांची मुकादम मालनबाई. साठीची, कपाळभर कुंकू लावलेली.

“काय हुडकतायसा, बाबा?”

“ऐकू येत नाही त्यांना,” मी म्हटलं. “मालनबाई, या झाडांना पाणी कुठून घालता?”

“ह्यास्नी? ह्यास्नी कंदी पानी घालाय लागत न्हाई, बाई. सगळी बाग वाळली तरी ही अकरा हिरवीगार. देवाची झाडं म्हनत्यात.”

आप्पांनी वर डोंगराकडे बोट केलं, मग झाडांच्या ओळीवरून खाली भिंतीपर्यंत आणलं. “तळं हाय का वर?”

चिपरीकरांनी मान डोलावली. वर खरंच तळं होतं. मैलभर अंतरावर.

“तिथनं नळ आलाय. खापरी असंल. झाडं नळावर लावल्याली न्हाईत, झाडं नळानं जगवल्यात.” ते माझ्याकडे वळले. “तुझ्या कागदात काय लिवलंय? झाडानं वल आणली?”

मी नुसती मान डोलावली. तोंडाने सांगायचं तर ओरडावं लागलं असतं.

भिंतीच्या कडेने आम्ही खाली उतरलो. बागेच्या कोपऱ्यात एक चौकोनी दगडी मनोरा होता. उंची दोन पुरुष. सगळे त्याला ‘गारद्याची चौकी’ म्हणत. आप्पांनी त्याभोवती एक फेरी मारली.

“दार कुठाय?”

दार नव्हतं. चारही बाजूंनी सलग चिरे. सगळे इतकी वर्षं तिला चौकी म्हणत आले होते, आणि आत पहारेकरी शिरणार कुठून हे एकाच्याही मनात आलं नव्हतं.

आप्पांनी सळई लावली. बराच वेळ ऐकलं. “इथं येतंय आन् इथंच तुंबतंय. वरच्या अंगाला हौद हाय. पुढं जायला वाट न्हाई म्हणून मागं रेटा बसतोय, आन् तुमच्या भिंतीपाशी सांध्यातनं बाहेर पडतंय.” मग त्यांनी विचारलं, “तीन वर्षामागं हितं कुणी खणलं व्हतं का?”

चिपरीकरांचा चेहरा उतरला. “गाड्या लावायला जागा केली. पलीकडेच. पोकलेन आणला होता.”

“मग जादा पाणी जायची वाट मोडली ती तिथं.”

मनोऱ्याच्या डोक्यावर सिमेंटने बसवलेली जाड फरशी होती. ती काढायची म्हटल्यावर चिपरीकर घुटमळले. “मॅडम, ऐतिहासिक वास्तू आहे. वरून परवानगी मागवावी लागेल. चारसहा महिने…”

“आज माझी पाहणी आहे,” मी म्हटलं. “पाहणीच्या आड येणारी वस्तू मी बाजूला करून घेऊ शकते. लेखी देते.” देता येतं की नाही हे मला तेव्हाही ठाऊक नव्हतं.

बागेतल्या माणसांनी शिडी लावली, पहारी घातल्या. तासाभराने फरशी कडेला सरकली. मी वर चढून आत पाहिलं.

काठोकाठ पाणी. काळंभोर, निश्चल, थंडगार. त्यात आभाळाचा तुकडा आणि माझं तोंड. पायाखालून डोंगराचं पाणी आपल्या आपण, कुठलंही यंत्र नसताना, दोन पुरुष उंच चढून इथे येऊन थांबलं होतं. कधीपासून थांबलं होतं कोण जाणे. शंभर वर्षांपूर्वी कुणी हे मोजलं, कुणी उतार धरला, कशाने? माझ्या पदवीच्या चार वर्षांत मला एवढी अचूक गोष्ट कुणी दाखवली नव्हती.

आप्पा वर आले. काठावर पालथे पडून त्यांनी सळई पाण्यात सोडली, तळ चाचपला. एका ठिकाणी ठक्क असा लाकडाचा आवाज झाला.

“दट्ट्या हाय. कुणीतरी मुद्दाम मारलाय.” त्यांनी धोतराचा काचा मारायला सुरुवात केली.

मी त्यांचा हात धरला आणि नकारार्थी मान हलवली. चप्पल काढली, ओढणी कमरेला गुंडाळली आणि उतरले. पाणी छातीपर्यंत. थंडीने दातखीळ बसायची वेळ. खाली बुडी मारून हाताला लागला तो मनगटाएवढा गुळगुळीत लाकडी दांडा. दोन्ही हातांनी ओढला. हलला नाही. पुन्हा ओढला. वर आले, धापा टाकत.

“हलत नाही!” मी ओरडले. त्यांना ऐकू गेलं नाही, पण सळई दट्ट्याला टेकलेली होती आणि दुसरं टोक त्यांच्या दातांत. माझी धडपड त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होती.

“वढू नको,” ते म्हणाले. “फिरीव. डावीकडं. जरा जरा. त्येला दुखवू नको.”

मी बुडी मारली. डावीकडे फिरवला. काही नाही. पुन्हा. तेवढ्यात सळईवरून दोन ठोके आले, ठक ठक. वरून आप्पा वाजवत होते. येतंय, येतंय. हाताखाली काहीतरी कुरकुरलं. मी सगळं अंग लावून पिळलं आणि दट्ट्या सुटला.

तळाने पाणी अशा काही जोराने आत ओढलं की माझे पायच उचलले गेले. आप्पांनी माझी ओढणी धरून ठेवली होती. हौद खाली गेला, माझ्या कमरेपर्यंत, आणि तिथे स्थिर झाला. आत येणारं आणि जाणारं पाणी सारखं झालं. मनोरा बारीक थरथरत होता.

मला बाहेर काढलं. आम्ही पळतच राजवाड्यासमोरच्या चौकात आलो. तिथे लांबट हौदात कारंज्याच्या पाच पितळी तोट्या होत्या. कोरड्या, आत पाचोळा. आम्ही उभे राहिलो. पाच मिनिटं झाली. दहा झाली. माझ्या कपड्यांतून पाणी निथळत होतं. चिपरीकर घड्याळ बघत होते आणि मला दाखवत नव्हते.

“कुठेतरी फुटलं असेल आत,” ते शेवटी म्हणाले. “फार जुनं आहे हो सगळं.”

आप्पा खाली बसले होते. सळई तोटीला लावलेली, दुसरं टोक दातांत. त्यांनी एक हात वर केला. थांबा.

पहिली तोटी उसासली. खरंच, माणूस उसासतो तसा आवाज आला. तिच्यातून वारा सुटला, पाचोळा उडाला, धूळ उडाली. मग दुसरी, मग तिसरी. मग तांबडा गाळ, भळाभळा. आणि मग एका क्षणी पाचही तोट्यांतून पाणी सरळ वर गेलं. कमरेएवढं, डोक्याएवढं, दीड पुरुष. वर जाऊन फुटलं आणि एप्रिलच्या उन्हात त्याचा चुरा खाली आला. कुणी ओरडलं नाही. टाळ्या नाहीत. तिकिटं काढून आलेली माणसं, शिपाई, गवतवाल्या बायका, सगळे तोंड उघडं टाकून उभे.

आतून शिट्टी ऐकू आली. शिपाई धावत बाहेर आला. “साहेब, कमळ! कमळातनं पाणी येतंय!”

दरबार हॉलमध्ये काचेच्या पेटीत पाणी भरत होतं. चिपरीकरांनी पेटी उचलली. त्या संगमरवरी पाकळ्यांमधून बोटभर जाडीची धार उठली, छातीएवढी वर गेली, आणि तिच्यातून गेलेलं उन्हाचं तेज छताच्या निळाईवर हलायला लागलं. वरची नक्षत्रं लुकलुकत होती. वर्खातली, शंभर वर्षं एका जागी असलेली नक्षत्रं. ते छत ज्याने रंगवलं त्याने या धारेसाठीच रंगवलं होतं. आम्ही सगळ्यांनी इतके दिवस अर्धंच पाहिलं होतं.

चिपरीकर खाली बसले आणि लहान मुलासारखे रडायला लागले. थोड्या वेळाने डोळे पुसत त्यांनी विचारलं, “मॅडम, वडील कुठल्या खात्यात होते? कुठले इंजिनिअर?”

“व्हॉल्व्हमन,” मी म्हटलं. “नगरपालिकेत. चौतीस वर्षं.”

पुढचं थोडक्यात सांगते. झाडं तोडली गेली नाहीत. आजही अकराच्या अकरा उभी आहेत. जादा पाण्याची मोडलेली वाट पुन्हा बांधली, फुटके सांधे चुन्याने भरले, आणि दोन वर्षांत भिंत वाळली. मला विनापरवाना फरशी काढल्याबद्दल ताकीद मिळाली, ती मी जपून ठेवली आहे. कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं की आप्पांच्या कानाचा बाहेरचा भाग निकामी झालाय, आतली नस शाबूत आहे. यंत्र मिळालं. आप्पा त्यानंतर सहा वर्षं जगले.

पण त्या दुपारी अजून एक गोष्ट घडायची होती. आम्ही चौकात परत आलो तेव्हा मालनबाई हौदाच्या काठाशी हात जोडून उभी होती.

“मालनबाई, तो दट्ट्या कुणी मारला असेल? काही ऐकलंय का?”

“आमच्या मामंजींनी सांगितल्यालं हाय की,” ती म्हणाली. “थोरलं महाराज गेलं त्या दिशी कारंजी बंद केली. सुतक पडलं न्हवं? तेराव्या दिशी उघडायची असा रिवाज. त्याच्या आतच संस्थान गेलं. कारंजेवाल्याला घरी घालवलं. मग उघडा म्हनून सांगायला कोन ऱ्हायलं?”

“मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?”

“मला कुनी इचारलं, बाई?”

चिपरीकरांनी मनातल्या मनात हिशेब केला. अठ्ठेचाळीस सालापासून ब्याण्णव, त्र्याण्णव, चौऱ्याण्णव. शेहेचाळीस वर्षं. डोंगरातून रोज खाली येऊन, त्या अंधाऱ्या हौदात काठाशी उभं राहून, एवढं मोठं पाणी शेहेचाळीस वर्षं सुतक पाळत होतं.

आप्पा माझ्या तोंडाकडे बघत होते. काय चाललंय ते त्यांना कळत नव्हतं, आणि ते विचारतही नव्हते. मी त्यांच्या शेजारी काठावर बसले, त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि महाराजांपासून सगळं सांगितलं, छाती फुटेस्तोवर ओरडून, तीनतीनदा. सगळा चौक ऐकत होता. ऐकू दे, म्हटलं.

“किती वर्सं?” त्यांनी विचारलं.

“शेहेचाळीस, आप्पा! शेहेचाळीस!”

ते वर बघत राहिले. तुषार त्यांच्या कपाळावर, मिशांवर, पांढऱ्या टोपीवर पडत होते, आणि ते पुसत नव्हते.

“मग बास झालं,” ते म्हणाले, मोठ्याने, अगदी सगळ्यांना ऐकू जाईल असं.